बिनआवाजाचा कॉम्प्रेसर

रात्रपाळी करणाऱ्या माणसाला झोप दिवसाच्या हातापाया पडून मिळवावी लागते. त्यात घरात नवरा रिकामा असेल, तर भीक नको पण कुत्रं आवर अशी गत होते. सिस्टरची तीच गत झाली होती.

ती मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. गल्लीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे, लहानथोर सगळे सिस्टरच म्हणत. तिचा नवरा कपाटांच्या कारखान्यात रंगाची गन चालवायचा, म्हणून तो पेंटर. लेक लग्न होऊन लांब गेली होती. इतकी वर्षं घर सुरळीत चाललं होतं, कारण सकाळी ती यायची तेव्हा तो निघायचा आणि दोघांची गाठ जेमतेम दारात पडायची. यांचं कधी भांडण ऐकू येत नाही, असं शेजारी कौतुकाने म्हणत. भांडायला दोन माणसं एका वेळी घरात असावी लागतात, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

मग कारखाना बंद पडला आणि पेंटर घरी बसला. बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण ज्याने आयुष्यभर उभं राहून काम केलं, त्याला बसणं कुठून जमणार? तो दिवसभर काहीतरी घासायचा, ठोकायचा, सरकवायचा. भांडी तर अशी ठेवायचा की शेजारच्या घरातलं माणूस दचकावं. टीव्ही लावला की बातम्या देणारा माणूस जणू थेट सिस्टरच्या उशाशी बसून बोलायचा. झोपायची खोली वर आणि गॅरेज बरोबर तिच्या खाली. गाडी केव्हाच विकली होती, त्यामुळे गॅरेज आता पेंटरचं राज्य होतं.

अर्धवट झोपेत दिवस काढून रात्री वॉर्डात उभं राहणं तिला झेपेना. एकदा दोन बाळंतिणींच्या गोळ्यांच्या वाट्या तिच्या हातून बदलल्या. गोळ्या तोंडात जायच्या आत तिच्याच लक्षात आलं म्हणून निभावलं. तिने ते स्वतःहून मेट्रनला सांगितलं. मेट्रन जुनी होती, ओरडली नाही. "दवाखान्याच्या आवारात क्वार्टर रिकामं होतंय," ती म्हणाली. "एक खोली आहे, पण शांत आहे. घ्यायचं तर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दुपारपर्यंत सांग, नाहीतर दुसरीला देते."

क्वार्टर घेणं म्हणजे घर सोडणं. सुट्टीला येईन, असं म्हणायचं आणि हळूहळू सुट्टीलाही यायचं नाही, हे तिने दुसऱ्या सिस्टरांच्या बाबतीत पाहिलं होतं. म्हणून नवऱ्याला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं.

तिने त्याला सांगितलं तेव्हा तो बेसिनपाशी दाढी करत होता. आरशात बघत, गालावर वस्तरा फिरवत तो म्हणाला, "बरं." तिला वाटलं, दाढीच्या नादात आहे. संध्याकाळी ड्यूटीवर जाताना तिने दारातून पुन्हा सांगितलं, "अहो, ते क्वार्टरचं मी बघतेय हं, तिकडेच राहायला जाईन म्हणते." पेंटर टीव्हीसमोर होता. "बरं," तो म्हणाला.

बायको घर सोडून निघाली आहे आणि नवरा बरं म्हणतो. भाजी संपली आहे असं सांगितलं असतं तरी त्याने याहून जास्त विचारलं असतं. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी त्याच्या बोलण्याने ती कंटाळायची. गेली काही वर्षं मात्र त्याचं सगळं बोलणं आटत आटत या एका शब्दावर आलं होतं, आणि तीही मग कामापुरतंच बोलायला लागली होती. दगडावर डोकं आपटून दगडाला काही होत नाही. लेकसुद्धा म्हणायची, "आई, बाबा फोनवर धड बोलतच नाहीत गं. बरं म्हणतात आणि ठेवून देतात." त्यावर सिस्टर म्हणायची, "त्यांचा स्वभावच तसा झालाय."

त्यानंतर एकदाच काय ते तिने त्याला धरलं. दुपारी तो गॅरेजमध्ये पत्रा ठोकत होता, ती विस्कटल्या केसांनी खाली आली आणि त्याचे दोन्ही दंड धरून त्याच्या तोंडासमोर म्हणाली, "अहो, मला झोप हवी. झोप. नाहीतर मी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईन." पेंटर तिच्याकडे बघतच राहिला. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला. त्या दिवसापासून टीव्ही बंद झाला, भांडी तो दोन्ही हातांनी ठेवू लागला. आणि चार दिवसांनी तो म्हणाला, "मी घरीच काम सुरू करतो. जुनी कपाटं, दारं, खुर्च्या रंगवून द्यायच्या. गॅरेज आहे, गन आहे. फक्त गनला दाबाने हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हवा. पण तुला कळणारही नाही असा आणीन. बिनआवाजाचा."

सिस्टरने मान हलवली. बिनआवाजाचा कॉम्प्रेसर म्हणजे बिनपाण्याची विहीर, इतकं तिलाही कळत होतं.

त्यानंतर पेंटरला दुसरा विषय उरला नाही. ती ड्यूटीवर निघायच्या आधी चहा पिताना तो कॉम्प्रेसरचं पुराण लावायचा. कारखान्यात हवा भिंतीतल्या पाइपातून यायची, चावी फिरवली की हवा. ती तयार करणारी अजस्र मशिनं त्याच्या रंगाच्या खोलीला लागूनच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं धडधडत होती, पण ती कशी चालतात हे त्याने कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आता तो एकेका दुकानात जाऊन शिकत होता. "बघ," तो बशीत बिस्किटं मांडून सांगायचा, "ही टाकी. गनला हवा सलग लागते. टाकी मोठी असली की मोटर थोडा वेळ चालते, टाकी भरली की बंद होते. मग मी आपला शांतपणे मारतोय रंग. टाकी लहान असली की मोटर सारखी चालू. आणि तरी हवा पुरत नाही, मध्येच थांबावं लागतं, रंगावर डाग पडतात. लहान कॉम्प्रेसर म्हणजे खेळणं आहे. सायकलमध्ये हवा भरायला ठीक." मग तो एक बिस्कीट खाऊन टाकायचा. सिस्टर ऐकायची, कप विसळायची आणि निघायची. इतकं बोलतोय तर क्वार्टरबद्दलही एक शब्द बोलेल, असं तिला रोज वाटायचं. तो बोलला नाही.

मंगळवारी सकाळी ती घरी आली तेव्हा गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर आलेला होता. लहानसा, लाल, खाली दोन चाकं. बिस्किटांच्या हिशेबात खेळण्यात जमा होणारा. सिस्टर इतकी दमलेली होती की तिने काही विचारलं नाही. पेंटरने मात्र तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तो म्हणाला, "जा, झोप निवांत. आज बघच."

तिचा डोळा लागतो न लागतो तोच खालून आवाज सुरू झाला. पत्रा कापतात तेव्हा जशी किंकाळी निघते तशी, पण न थांबणारी. ती कानातून शिरून दातांत जात होती. सिस्टरने उशी डोक्यावर घेतली. कापूस कानात घातला. आवाज थांबला, तिने श्वास सोडला, तोच तो पुन्हा सुरू झाला. शेवटी ती जिना उतरून खाली गेली.

पेंटर स्टुलावर बसला होता. एका हातात गन, दुसरा हात त्या लाल टाकीवर, मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा. तो काट्याकडे बघत हवा भरायची वाट पाहत होता. चेहऱ्यावर मोठं समाधान. तिला पाहून त्याने मशीन बंद केलं.

"का गं उठलीस? पाणी हवं होतं?"

तिने मशिनाकडे बोट दाखवलं.

"बघ, म्हटलं होतं ना?" पेंटर म्हणाला. "आवाजच नाही."

सिस्टरने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा कुठे दिसते का ते शोधलं. थट्टा नव्हती, म्हणून तिला जास्तच राग आला. जखमेवर मीठ चोळायचं आणि वर भोळा चेहरा करायचा. ती ओरडली असती, पण ओरडायला अंगात जोर लागतो. पेंटर मशीनचा बोल्ट आवळायला वाकला होता. त्याच्या पाठीकडे बघून ती म्हणाली, "क्वार्टरला मी गुरुवारी हो सांगणार आहे."

"बरं," पेंटर म्हणाला.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात फरशीवर चादर टाकून पडली. झोप लागली नाही. या माणसाने आपल्याला जायला सांगितलं नाही इतकंच, असं तिच्या मनात येत राहिलं. बुधवारीही तीच कथा झाली. त्या रात्री वॉर्डात तिने प्रत्येक गोळी दोनदा पाहून दिली आणि सकाळपर्यंत मनाशी पक्कं केलं. दुपारी मेट्रनला फोन करायचा, हो म्हणायचं, संध्याकाळी बॅग भरायची.

पण जायच्या आधी एका माणसाला चार शब्द सुनवायची तिला फार इच्छा होती. कॉम्प्रेसरच्या खोक्यावर दुकानाचा पत्ता होता आणि दुकान बसच्या वाटेवरच होतं. गुरुवारी सकाळी ड्यूटीवरून सुटल्यावर, पांढऱ्या कपड्यांतच, ती दुकानात शिरली. दुकानदार नुकतीच फरशी पुसून घेत होता. धिप्पाड माणूस, पोटातून बोलणारा.

"माणूस बघून वस्तू विकता का दिसेल त्याच्या गळ्यात मारता?" सिस्टरने सुरुवातच अशी केली. "तो लाल कॉम्प्रेसर पेंटरला तुम्ही विकलात?"

दुकानदाराने फडकं खाली ठेवलं. "तुम्ही सिस्टर का? बसा. मला वाटलंच होतं कुणीतरी येणार."

"मी बसायला आले नाही."

"बसा हो. रात्रपाळी करून आलेल्या दिसताय," तो म्हणाला आणि खुर्ची पुढे केली. तिचे पाय तिच्या रागापेक्षा जास्त दमले होते, ती बसली.

"तुमच्या मालकांना मी नको नको म्हणत होतो," दुकानदार म्हणाला. "हे बघा, ते रोज यायचे. दुकानातली एकूण एक मशिनं मला चालू करायला लावायचे. हे स्टूल घ्यायचे, मशीनशेजारी बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. गिऱ्हाइकं हसायची. मी म्हटलं, पेंटर, तुम्ही जन्मभर गन चालवलीय, तुम्ही हा पट्ट्यावर चालणारा मोठा घ्या. म्हणाले, मलाही तोच हवाय, पण याचा आवाज फार. घरी बायको दिवसा झोपते. मग तो लाल दाखवला तर हसले. म्हणाले, हाच द्या, याला आवाजच नाही. मी म्हटलं, अहो यावर गन धड चालणार नाही, दर थोड्या वेळाने थांबावं लागेल. तर म्हणाले, थांबेन. काम हळू होईल, त्याला काय. तिची झोप तर होईल."

सिस्टरने दुकानातल्या मशिनांकडे वळून पाहिलं.

"मला वाटलं चेष्टा करतायत," दुकानदार म्हणाला. "मी हसलो. ते हसले नाहीत. मग मीही जास्त बोललो नाही. विकायला बसलोय शेवटी, साधुसंत नाही."

"चालू करा," सिस्टर म्हणाली.

"कुठला?"

"दोन्ही. आधी तो मोठा."

कोपऱ्यातला पट्ट्यावाला कॉम्प्रेसर धबधब करत सुरू झाला. जाड, बसका आवाज होता, जमिनीतून पायांत येणारा. असा आवाज वर खोलीत आला तर कुणी लांब चक्की चालवतंय असं वाटलं असतं. सिस्टरला त्याच्यावर डुलकीही लागली असती.

"हा चालू केला की पेंटर मान हलवायचे," दुकानदार म्हणाला. "नको, नको. फार मोठा." त्याने तो बंद केला आणि लाल मशिनाचा जोडीदार चालू केला. करताना त्याने स्वतःच्या दोन्ही कानांत बोटं घातली. दारातून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं आणि पदर कानाला लावला. "आणि हा चालू केला," त्या किंकाळीवरून तो ओरडला, "की ते असे शांत बसायचे. डोळे मिटून."

सिस्टरने हात वर करून त्याला थांबवायला सांगितलं. तिला कळलं होतं. खालच्या पट्टीतले आवाज शाबूत आणि वरच्या पट्टीतले गेलेले. मोठ्या मशिनांशेजारी जन्म काढलेल्या माणसांचं हेच होतं. बायकांचे आवाज जातात, पोरांचे जातात, फोनमधले जातात. दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांच्या दारात असे कितीतरी बसलेले तिने पाहिले होते, त्यांच्या बायकांना समजावलंही होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाड्या पाहिल्या आणि घरातल्या माणसाचे कान पाहिले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली.

"माझ्याशी तर व्यवस्थित बोलतात हो," दुकानदार गोंधळून म्हणाला.

"तुमचा आवाज रांजणातून येतो," सिस्टर म्हणाली. "तो पट्ट्यावाला बदलून द्याल का?"

"उद्या टेम्पोने पाठवतो. पण पेंटर ऐकतील का?"

"ते मी बघते," ती म्हणाली आणि उठली. बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली, एरवी ती तिथे हमखास झोपायची. आज तिला एकेक बरं आठवत होतं. सकाळचं, संध्याकाळचं, दारातलं, जिन्यातलं. एखाद्या गोष्टीवर तिने रडवेली होऊन काही सांगावं आणि त्याने बरं म्हणून बूट घालावेत. त्या प्रत्येक वेळी तिने त्याच्या नावावर एक एक दगड जमा केला होता, आणि आता त्या ढिगाचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं.

घरी आली तर गॅरेजचं दार अर्धवट उघडं आणि किंकाळी चालू. पेंटर कपाटाचं एक दार रंगवत होता. हवा कमी पडली तसा तो थांबला, हात तसाच वर धरून काट्याकडे बघत राहिला. मग पुन्हा दोन पट्टे मारले, पुन्हा थांबला. दारावर जोडाचे डाग दिसत होते. कारखान्यात असं दार त्याने परत पाठवलं असतं. सिस्टर त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने खटका दाबून मशीन बंद केलं. तो वळायच्या आत ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घराला आग लागलीय."

"आलीस?" पेंटर वळून म्हणाला. "मी बंद करणारच होतो. तू झोप जा."

"बसा इथे. ताप बघायचाय तुमचा."

"कशाला?"

तिने स्टुलाकडे बोट दाखवलं. त्या बोटापुढे बाळंतिणी आणि त्यांच्या सासवा, दोघी मुकाट्याने बसत. पेंटरही बसला. तिने पिशवीतून थर्मामीटर काढलं, त्याच्या काखेत लावलं आणि त्याच्या समोर येऊन, ओठ सावकाश हलवत म्हणाली, "वाजलं की सांगा."

दोघं वाट बघत बसली. थर्मामीटर वाजलं. बारीक, टोचणारा आवाज, चार वेळा. पेंटर तिच्याकडे बघत होता.

"अशी काय बघतेस?" तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही."

"वाजलं?"

"अजून नाही. वेळ लागतो याला."

तिने ते काढून त्याच्या हातात दिलं. काचेत आकडा उभा होता. पेंटरने तो पाहिला. "बॅटरी गेली असेल," तो म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. या वेळी तिने आपलं बोट वर धरलं आणि थर्मामीटर वाजू लागलं तसं प्रत्येक वेळी बोट हलवलं. पेंटर त्या बोटाकडे बघत राहिला. बोट थांबल्यावरही बराच वेळ बघत होता. मग त्याची नजर लाल मशिनाकडे गेली. पेंटर काही खुळा नव्हता.

"हा ओरडतो का?" त्याने विचारलं.

"ओरडतो."

"फार?"

खोटं बोलायची तिची ताकद उरली नव्हती. "फार," ती म्हणाली. "माझे दात शिवशिवतात."

पेंटरने कपाळाला हात लावला. रंगाचा डाग कपाळावर उमटला. "आणि मी तुला म्हणालो, आवाजच नाही. तुला वाटलं असेल, हा मुद्दाम करतोय."

"वाटलं. म्हणून तर क्वार्टर घ्यायला निघाले होते."

"क्वार्टर?" पेंटर म्हणाला. "कुठलं क्वार्टर?"

 तिने दुसरं स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. वाट्या बदलल्या होत्या ते, मेट्रन काय म्हणाली ते, आज दुपारी हो म्हणून फोन करायचा होता ते. तो तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हता. इतक्या जवळून त्याने तिच्याकडे किती दिवसांत पाहिलं नव्हतं, हे तिला तेव्हा जाणवलं.

"हे तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं. तीनदा. तुम्ही बरं म्हणालात."

"मी बरं म्हणालो? तुला?"

"तिन्ही वेळा."

पेंटर आपल्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "ऐकू नाही आलं की मी बरं म्हणतो. किती वेळा काय काय म्हणून विचारायचं गं? तू दमून आलेली असतेस. परत विचारलं की चिडशील असं वाटतं. बहुतेक वेळा बरं म्हटलं की भागतं." तो थांबला. "हल्ली तू बोलतेसच कमी. मला वाटलं, तुलाच माझ्याशी बोलायचा कंटाळा आला."

"आलाच होता," सिस्टर म्हणाली.

त्याने मान हलवली. मग वर बघितलं. "मग मी आणखी कशाकशाला बरं म्हणालोय?"

एरवी तिने एका दमात पाढा वाचला असता. कुणाच्या लग्नाला न्यायचं राहिलं, लेकीच्या घरी राहायला जायचं कसं बारगळलं, सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. पण तोंड उघडल्यावर ती जे कधीच बोलली नव्हती तेच बाहेर आलं.

"आई दवाखान्यात होती ना, शेवटी," ती म्हणाली. "तिने तुमचं नाव काढलं होतं. जावयाला एकदा बघायचंय म्हणाली. सकाळी घरी आल्यावर मी तुम्हाला सांगितलं, आज येऊन जा, उद्याचं खरं नाही. तुम्ही दारात वाकून बूट घालत होतात."

पेंटरचा चेहरा उतरला. "मी काय म्हणालो?" त्याने विचारलं. पण विचारताना त्याला ते कळलेलं होतं, म्हणून तिने उत्तर दिलं नाही.

"बायकांचा वॉर्ड होता," तो पुटपुटला. "मला वाटलं, तू बोलावशील तेव्हा जायचं. मी वाट बघत होतो. मग एकदम गेल्याचाच निरोप आला."

"मी बोलावलं होतं."

"तिने वाट बघितली असेल."

"बघितली. दाराकडे तोंड करून झोपवा म्हणायची."

पेंटर रडला नाही. त्याने रंगाचं फडकं घेतलं आणि तो बोटं पुसत राहिला, पुसायला काही उरलं नाही तरी. सिस्टरलाही रडू आलं नाही. इतकी वर्षं हे एकटीने वाहिलं होतं. आता ते दोघांच्या मध्ये ठेवल्यावर ते हलकं होईल असं तिला वाटलं होतं. ते तेवढंच जड होतं, फक्त आता त्याला दुसरं टोक होतं आणि ते त्याने धरलेलं होतं.

"मी मुद्दाम आलो नाही असं समजून तू इतकी वर्षं या घरात राहिलीस," पेंटर म्हणाला.

"राहिले."

"मला जेवायला वाढलंस."

"वाढलं."

"एवढं समजूनसुद्धा तू गेली नाहीस," तो म्हणाला. "मग आता कशाला जातेस?"

 तिने पिशवीतून फोन काढला आणि तिथेच बसून मेट्रनला लावला. खोली दुसरीला द्या, ती म्हणाली. मेट्रनने कारण विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की घरी एक पेशंट निघालाय, उद्या त्याला कानाच्या डॉक्टरांकडे आणते. फोन ठेवला तर पेंटर तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणालीस?"

तिने त्याच्याकडे नीट तोंड केलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. मोठा कॉम्प्रेसर उद्या येतोय, तेही सांगितलं. तो धडधडतो, तुला झोप लागणार नाही, असं पेंटर म्हणू लागला, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मग ती जिन्याकडे निघाली. अंगातलं सगळं बळ संपलं होतं, कठड्याला धरून एकेक पायरी चढावी लागत होती. वर गेल्यावर ती थांबली, वळली आणि तो बघतोय याची खात्री करून म्हणाली, "आता झोपते. उठले की बाकीचं सांगेन."

"अजून आहे?" पेंटरने विचारलं.

"खूप आहे," सिस्टर म्हणाली.

तिने दार लोटून घेतलं. पेंटरने स्टूल उचलून जिन्याच्या तोंडाशी आणलं आणि ती उठेपर्यंत तो तिथेच, दाराकडे तोंड करून बसून राहिला.